दहाच्या रेघेवरचा ओरखडा

माझ्या पितळी पट्टीवर दहाच्या रेघेपाशी एक बारीक ओरखडा आहे. माझा मालक फाइट याच्या वडिलांनी तो चाकूच्या टोकाने काढला होता. लाल रेषा याच्यावर चढू द्यायची नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. बव्हेरियातल्या एका घराच्या तळघरात, बिअरच्या पिंपात तारेने लोंबकळत माझा जन्म गेला. गावाच्या सामाईक भट्टीवर मोड आणलेल्या सातूचा रस उकळायचा, घरी आणून निववायचा आणि त्यात यीस्ट घालायचं. आमचं यीस्ट थंडीत सावकाश काम करणारं. त्याला ऊब लागली की ते घाई करतं आणि बिअरला पिकल्या फळाचा वास येतो. बिअर तयार झाली की दारावर सहा टोकांचा लाकडी तारा टांगायचा. तो दिसला की गाव प्यायला येई.

तेव्हा फाइट मला विचारल्याशिवाय पिंपाला हात लावत नसे. पुढे वरच्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या ठरल्या आणि त्याने तळघराच्या पलीकडच्या खोलीत बॉयलर बसवला. मधली भिंत कोमट झाली. माझी लाल रेषा ओरखड्याच्या वर गेली आणि तिथेच राहिली.

"बॉयलर हलव," त्याची बायको बुर्गी म्हणाली, "नाहीतर उबेत चालणारं यीस्ट आण. दोन्हीतलं एक कर."

"त्या यीस्टची आपली थंडीत मुरणारी लागर बिअर होत नाही. त्यावर तारा टांगू? बाबा थडग्यातून उठून येतील."

"येऊ देत. निदान बॉयलर तरी हलवतील."

त्याने यातलं काहीच केलं नाही. म्हातारा झालाय, खोटं बोलतो, असं माझ्याबद्दल म्हणून नवा, आकडे उजळणारा तापमापक आणला. त्यानेही माझाच आकडा दाखवला, तेव्हा त्याला खणात टाकलं. मला मात्र दर शनिवारी पुसायचा, न वाचता. मित्रांनो, मोजणाऱ्याला नुसतं लखलखीत ठेवू नका. तो सांगतो ते ऐका.

आमच्या गावात कुणाच्या बिअरला कुणी तोंडावर नावं ठेवत नाही. आवडलेल्या घरून मात्र पुढच्या पिंपासाठी यीस्ट मागून नेतात. परवा शेजारची रोझल झाकणाचा डबा घेऊन दारावरून चालली होती. फाइटने हाक मारली, "रोझल, यीस्ट काढून ठेवलंय तुझं."

"राहू दे रे, फाइट. खालच्या आळीतून आणलं. तुला कशाला त्रास?"

डबा भरलेला होता. दरवर्षी तो आमच्याकडून भरून जायचा.

फाइट खाली आला. त्याने मला पिंपातून वर काढलं, चष्मा लावला आणि पुष्कळ वेळ पाहत राहिला. बुर्गी पायरीवर उभी होती.

"किती?" तिने विचारलं.

"सोळा."

त्याने अंगठा माझ्या ओरखड्यावर ठेवला.

"तारा उतरव, बुर्गी," तो म्हणाला. "आता पुन्हा टांगायचा नाही."