तळ्यात परत सोडलेला शेवंडा

माझ्या नवऱ्याचा, एव्हर्टचा, जीव माणसांपेक्षा शेवंड्यांत जास्त, असं मी चारचौघांत सांगायचे आणि तो हसून सोडून द्यायचा. आमच्या तळ्यातले शेवंडे म्हणजे गोड्या पाण्यातले, नांगीवाले, वीतभर, काळपट, अस्सल इथले. आमच्या सगळ्या स्मोलांड प्रांतात तळ्यांमागून तळी रोगाने रिकामी झाली. आमचं तेवढं वाचलं, ते एव्हर्टमुळे. चाळीस वर्षं तो त्यावर पहारा देत होता. कुणी ओले बूट घालून धक्क्यावर आला की याने ते काढायला लावलेच. एकदा खुद्द पाद्रीबुवांना नुसत्या मोज्यांवर घरी पाठवलं होतं. दुसऱ्या तळ्याचं पाणी लागलेला पिंजरा, जाळं, बादली, काहीही असो, आधी उकळायचं नाहीतर उन्हात खडखडीत वाळवायचं. अमेरिकेहून आणलेले शेवंडे अंगात रोग बाळगतात आणि स्वतः ठणठणीत राहतात. आपल्यांना मात्र त्यांच्या पाण्याचा थेंबही पुरतो. हे मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पुढेपुढे कान देणंच सोडलं.

जूनमध्ये त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ‘हं’ आणि ‘नाही’ एवढे दोनच शब्द उरले, आणि तेही कधीकधी उलटे पडायचे. कॉफी हवी असली तरी ‘नाही’ म्हणायचा, मग स्वतःवरच चिडायचा. डोकं मात्र शाबूत होतं. त्याचा पलंग मी खालच्या खोलीत आणला. तिथून उघड्या दारातून स्वयंपाकघर दिसायचं.

तळ्यावर जाता येत नाही म्हणून तो झुरत होता. मला ते बघवेना. ऑगस्टच्या सुरुवातीला मी मासळीचा तुकडा लावून धक्क्यावरून पिंजरा टाकला आणि एक कोवळा शेवंडा धरला. बोटभरच होता. एवढा लहान परत सोडायचा असा आमचा नियम, पण मी तो घरी आणला. मुलीची, मालिनची, लहानपणची माशांची काचपेटी माळ्यावर पडली होती. ती घासूनपुसून पलंगाशेजारी ठेवली. तळाला खडे, लपायला फुटक्या कुंडीचा तुकडा, खायला ओढ्याकाठच्या झाडाची कुजकी पानं आणि उकडलेला बटाटा. वर जाळी आणि जाळीवर दगड, कारण हे बेटं चढून पळतं. दर तीन दिवसांनी विहिरीचं गार पाणी बदलायचं.

त्याची एक नांगी तुटून पुन्हा इवलीशी फुटत होती. “बघ,” मी म्हटलं, “तुझ्यासारखाच एका हाताचा. पण तो कुरकुर करत नाही.”

एव्हर्ट हसला. जूनपासून पहिल्यांदा हसला. शेवंड्याने कात टाकली त्या दिवशी तर त्याने मला डाव्या हाताने पदर ओढावा तसा एप्रन ओढून जवळ बोलावलं. मला वाटलं, माणूस परत येतोय.

महिनाअखेरीस मालिन आली, शेवंड्यांची मेजवानी करायला. दरवर्षी आम्ही आमच्याच तळ्यातले खायचो, यंदा पकडणार कोण? तिने बाजारातून जिवंत घेतले. अमेरिकी. ते बघून एव्हर्टचा चेहरा पडला.

“बाबा, असे डोळे वटारू नका,” मालिन म्हणाली. “तळ्याच्या वाटेलाही नेत नाही. सरळ भांड्यात.”

आणि तिने तसंच केलं. भांड्यात मीठ, बिअर, शेपूची फुलं, खळखळ उकळी आणि वरून शेवंडे. रिवाजाप्रमाणे डोक्याला कागदी टोप्या घालून आम्ही ओट्यावर बसल्यासारखे त्याच्या पलंगाभोवती बसलो. त्याने माझ्या हातून दोन खाल्ले. पोरीचा काही दोष नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. पाणी उकळेपर्यंत तिने ते माझ्या पत्र्याच्या बादलीत ठेवले होते. दुसऱ्या दिवशी मी ती बादली साबण लावून धुतली, विहिरीचं पाणी भरलं आणि पेटीत ओतलं. धुतली, उकळली नाही. माझ्या डोक्यातही आलं नाही. बादली तळ्यावर थोडीच न्यायची होती!

दहा-बारा दिवसांनी शेवंडा भर दुपारी बाहेर हिंडू लागला. एरवी तो उजेडात तोंड दाखवायचा नाही. पायांच्या टोकांवर उभा राहून चालायचा, मध्येच कलंडायचा. एव्हर्ट कासावीस झाला. डावा हात उचलून दाराकडे दाखवू लागला. दारातून समोर चूल दिसते आणि चुलीमागच्या खिडकीतून तळं.

“घरी जायचंय होय त्याला?” मी विचारलं. “तळ्यात सोडू?”

“नाही,” तो म्हणाला. मग “हं.” मग पुन्हा “नाही, नाही,” आणि हात तसाच दाराकडे.

त्याचे शब्द उलटे पडतात, हे मला ठाऊक होतं. हातावर विश्वास ठेवला. काचेत कोंडलेल्याची दया आली असेल त्याला, स्वतःही कोंडलेलाच ना. मी शेवंडा धक्क्यावर नेला आणि हळूच पाण्यात सोडला.

“गेला बघ घरी,” परत येऊन मी सांगितलं.

एव्हर्ट रडला. माझं मनगट असं धरलं की वळ उठले. मी त्याचे डोळे पुसले आणि मीही सुखाने रडले. त्यानंतर त्याने तोंड भिंतीकडे केलं ते केलंच. नऊ दिवसांनी गेला. दफनानंतरच्या कॉफीला मी जो भेटेल त्याला सांगत होते, की शेवंडा घरी पोचला म्हणून माझा एव्हर्ट कसा आनंदाने रडला.

ऑक्टोबरात आमचा शेजारी सिक्स्टेन दारात आला. मत्स्यसंघाचं काम आता तोच बघतो. त्याच्या पिशवीत मेलेले शेवंडे होते.

“काठाने खच पडलाय, गुनवोर,” तो म्हणाला. “रोग आलाय. त्या पलीकडच्या उन्हाळी बंगलेवाल्याचंच काम. कुठकुठल्या तळ्यातून होडी घेऊन येतो! त्याला आता सोडत नाही मी.”

“आजारी असला की कळतं का रे?” मी विचारलं.

“तर! भरदिवसा फिरतात, टाचा उचलल्यासारखे. एव्हर्टला तर लांबूनच कळायचं. असा एखादा दिसला की आणायचा आणि सरळ उकळत्या पाण्यात. दुसरा इलाज नाही.”

मी आत जाऊन एव्हर्टच्या पलंगावर बसले. डावा हात उचलला. बोट चुलीवर येत होतं. तो मला चूल दाखवत होता.

सिक्स्टेन दारातच उभा होता.

“बंगलेवाल्याला काही बोलू नकोस,” मी म्हटलं. “मी केलं.” आणि सगळं सांगितलं, बादलीपासून.

त्याने डोक्यावरची टोपी काढली.

“एव्हर्टला कळलं होतं?” त्याने विचारलं.

“हो,” मी म्हटलं. “नऊ दिवस.”