मानाची पहिली घागर

"पी माय, पी! पाताळाचं दार उघड!" दाढीवाला बाबा ओरडला. नाथाजी पाटलांनी घागर कलंडवली आणि बघता बघता सगळं पाणी जमिनीत गडप झालं. थेंब उरला नाही. "यमाईच्या नावानं चांगभलं!" गर्दी एका आवाजात गरजली आणि पुढं सरकली. मागच्यांनी पुढच्यांच्या पाठीवर हात टेकले. कुणाची तरी पायताणं चिखलात रुतली, तरी कुणी खाली बघेना.

भाद्रपद लागला होता. चहूकडं डबकी साचलेली, आणि मधोमध झेंडूच्या हारांनी वेढलेली एक परातीएवढी खळगी, जी घागरीमागून घागर पीत होती. बाबाचं म्हणणं असं, की खाली तहानलेली माय बसली आहे. खऱ्या माणसाचं पाणी ती पिते, पाप्याचं पाणी तोंडातसुद्धा धरत नाही, ते वरच थांबतं. चोरी कुणी केली, करणी कुणाची, सून वांझ का, सगळ्याचा निकाल एका घागरीत! साताऱ्याहून एसट्या भरून माणसं येत होती. हे गाव औंधच्या वाटेवरचं. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून मला दिवाळीचा फराळ पाठवतात.

मी शकुंतला, मूळची सांगलीची, या गावच्या शाळेत मास्तरीण होते. ही गोष्ट १९७६ सालची. मला मुळात स्वस्थ बसवत नाही, आणि असलं काही बघितलं की तळपायाची आग मस्तकात जाते. पण त्या आठवड्यात माझी झोप उडाली ती शेजारच्या विजयमालेमुळं.

तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. नवरा जोतीराम पलटणीतून रजेवर आलेला. सासू राहीबाईंनी ओट्यावरूनच जाहीर करून टाकलं, "ऐतवारी हिनं घागर वतायची. पाणी थांबलं तर सोमवारी माह्यारची वाट. जोतीरामाची रजा सपायच्या आत दुसरं उरकून टाकू."

जोतीराम बुटाला पॉलिश करत होता. त्यानं मान वर केली नाही. मला त्याच्या हातातला ब्रश हिसकावून घ्यावासा वाटला.

दुपारी विजयमाला माझ्याकडं आली. "बाई, माझं पाणी थांबनार."

"कशावरून?"

"आमच्यासारक्यांचं थांबतंच. मागल्या खेपंला हरणाबाईचं थांबलं, त्या मेंढक्याचं थांबलं. पाटलाचं कवा थांबलंय व्हय?"

ती सहज बोलून गेली, पण माझ्या डोक्यात ते घुसलं आणि बाहेर पडेना. पाटलांचं पाणी कधीच थांबत नाही! ज्यांच्या शेताचा बांध दरवर्षी शेजाऱ्याच्या रानात चालत जातो, ते नाथाजी पाटील सत्यवादी, आणि नवऱ्यामागं दोन पोरं मोलमजुरीवर वाढवणारी हरणाबाई पापी? मी ओसरीवर येरझाऱ्या घालायला लागले. पाटलांची घागर मानाची, म्हणून सगळ्यांत आधी. मग भावकी, मग बलुतेदार, मग परगावचे. विधवा, वांझ, भटके शेवटी. रांग गावानंच लावलेली, बाबाला बोटसुद्धा उचलावं लागत नव्हतं. आणखी एक आठवलं. जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी बाबा मौन धरायचा. "माय व्रतात हाय," एवढं पाटीवर लिहून आत पडून राहायचा.

मायला पावसाचं वावडं का असावं?

शनिवारी पाऊस नव्हता. पहाटे मी बादली घेऊन एकटीच त्या खळगीशी गेले. बाबा झोपडीत घोरत होता. माझं तेव्हा लग्नसुद्धा झालं नव्हतं. मी मोठ्यानं म्हटलं, "हे माय, मी बारा पोरांची आई आहे!" आणि बादली ओतली. मायनं ती घटाघट प्यायली. इतकी हसले, की तोंडात पदर कोंबावा लागला.

रविवारी गर्दी दुप्पट. विजयमाला रांगेच्या शेपटाला, घागर कमरेवर, चेहरा पांढराफटक. पाटील नवं धोतर नेसून पुढं उभे. बाबानं हात वर केले, तेवढ्यात मी मध्ये घुसले.

"बाबा, आज परीक्षा विजयमालेची आहे ना? मग तिची घागर आधी."

"आधी मानाची!" बाबाचे डोळे गरगरले. "क्रम मोडला तर माय उलटंल! पाताळ फाटंल! विहिरी आटतील, म्हशी आटतील!"

"मायला सगळी लेकरं सारखी ना? मग पाटील कोण आणि सून कोण, हे तिला कशाला लागतं?"

"ही शिकल्याली बाई गाव बुडवनार! हाकला तिला!"

लोक चुळबुळ करायला लागले. दोघा-तिघांनी मला ढकललंसुद्धा. अन् मागून जोतीराम उठला. त्यानं विजयमालेला दंडाला धरून पुढं आणलं.

"आरं, काय करतुयास?" राहीबाई ओरडल्या.

"आये, खरं काय ते कळायचं हाय ना? मग आदी काय आन् मागनं काय!"

विजयमालेनं घागर काठावर टेकवून कलंडवली. पाणी पडलं आणि गडप झालं. सगळं!

"आता उलट्या रांगेनं या!" मी घसा फाटेस्तोवर ओरडले. "मागचे पुढं! हरणाबाई, तुम्ही या!" हरणाबाईचं पाणी गेलं. मेंढक्याचं गेलं. घागरी ओतल्या जात राहिल्या, आणि हळूहळू पाणी रेंगाळायला लागलं. पाटलांची पाळी आली तेव्हा खळगी काठोकाठ भरली होती. त्यांची घागर पडली तशी झेंडूची फुलं तरंगत त्यांच्या वहाणांवर आली.

"आरं, म्या काय पाप केलंय?" पाटील चमकून म्हणाले.

"सांगू का, पाटील?" मागून कुणीतरी विचारलं. सगळी जत्रा खो-खो हसली.

पाटलांचा चेहरा लाल झाला. "खना हितं! कोन माय बसलीय ते मला बघू द्या!"

बाबा शाप देत देत मागं सरकू लागला. त्याला धरून ठेवलं. कुदळी आल्या. झेंडूखाली वाळू निघाली, वाळूखाली खडी, आणि खडीखाली विटांच्या तुकड्यांत बसवलेली डांबराची दोन पोकळ पिंपं. अंगभर भोकं पाडलेली, पाण्यानं तुडुंब. माय वगैरे कुणी नव्हतं.

मी मातीच्या ढिगावर चढून सांगितलं, "हा शोषखड्डा आहे. सांगलीत आमच्या परसात पाणी तुंबायचं, तेव्हा वडिलांनी असाच केला होता. पिंपं रिकामी असली की पाणी झटकन आत जातं. भरली की वर थांबतं, म्हणून तर जोराच्या पावसानंतर बाबाचं मौन! मग ते भोकांतून सावकाश जमिनीत मुरतं आणि सकाळपर्यंत जागा होते. आधी ओताल तर पुण्यवान, शेवटी ओताल तर पापी!"

रंगूबाई कोंबडी विकायची. तिनं बाबाच्या दाढीकडं निरखून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "आगं बया! ह्यो तर रस्त्याच्या कामावरच्या क्यांपातला भटारी! हितंच पत्र्याच्या आडोशात त्येंचा तळ हुता. सायबानं फुलझाडं लावली हुती, त्यात पानी तुंबायचं, म्हून ही पिंपं पुरली आसत्याल. माज्या कोंबड्यांचं पैसं बुडवून गेला न्हवं ह्यो!"

जोतीराम खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला होता. त्यानं आत हात घालून पिंपाची भोकं चाचपली.

"बाई," तो म्हणाला, "आमच्या पलटनीत सैपाकाच्या लंगरामागं आसाच खड्डा हाय. सोकपिट म्हंत्यात. म्या सोता खनलाय त्यो." त्यानं चिखलातला एक हार उचलला. "सोता खनलाय, आन् वर हार बगून हात जोडलं."

विजयमाला पुढं आली. रिकामी घागर तिनं त्याच्यासमोर ठेवली.

"माजं पानी थांबलं आसतं तर?"

तो काही बोलला नाही. राहीबाई दुसरीकडं बघू लागल्या. त्या क्षणी मला बाबापेक्षा त्या गप्प बसण्याचा जास्त संताप आला, आजही येतो.

"उद्या साताऱ्याला दवाखान्यात जायचं," विजयमाला म्हणाली. "दोगांनी तपासून घ्यायचं. माह्यारची वाट मग मी ठरवीन."

"व्हय," तो खाली मान घालून म्हणाला.

बाबाला फौजदार घेऊन गेला. खड्डा आम्ही बुजवला नाही. झाकून घेतला आणि भोवती शाळेची बाग केली. पावसाळ्यात तिथं पाणी तुंबत नाही, हाच काय तो त्याचा चमत्कार.

वाचकहो, हात जोडण्याआधी एक करा. रांग उलटी लावून बघा, झाकलेलं उकरून बघा, विचारायला लाजू नका. आणि जिथं पाटील कधी नापास होत नाही अन् गरिबाची लेक कधी पास होत नाही, ती परीक्षा देवाची म्हणून कुणी सांगितली, तर त्याला विचारा, रांग कुणी लावली?