सरकवलेली पट्टी

मी फूटपट्टी बोलतेय. लाकडी, पिवळट, एका कडेला शाईचा डाग पडलेली. आपल्या सरळपणाचा मला कोण तोरा होता! आता मात्र मान खाली घालूनच बोलते.

खिडकीच्या चौकटी करणाऱ्या कारखान्यात, उरलेल्या फळीतून माझा जन्म झाला. रंधा मारला, आकडे छापले आणि मी दुकानातल्या बरणीत उभी राहिले. एके दिवशी एका आईने मला आपल्या लेकीसाठी घेतलं. ही आई दवाखान्यात पेशंटना नंबर द्यायची, बाबा बस चालवायचे आणि लेकीला सगळे बबडी म्हणायचे.

बबडी भारी गोड पोरगी. गप्पा मारायला लागली की ऐकतच राहावं. पण पुस्तक उघडलं की तिचं पोट दुखायचं. तिची नजर घसरू नये म्हणून आई मला ओळीखाली धरायची. नजर घसरायची ती घसरायचीच.

"अगं, आत्ताच तर वाचलास ना हा शब्द! वरच्याच ओळीत!" आई ओरडायची आणि मग स्वतःच रडकुंडीला यायची.

वर्गात दर शुक्रवारी प्रत्येकाने उभं राहून एक पान मोठ्याने वाचायचं असे. कुठलं पान, ते वर्गाच्या बाई आदल्या दिवशीच सांगून ठेवत. एकदा बबडी अडखळली आणि सगळा वर्ग खो खो हसला. घरी आल्यावर ती आईच्या कुशीतून बाहेरच येईना. मग आईने युक्ती काढली. आईने पान वाचायचं आणि बबडीने ऐकून पाठ करायचं. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, सगळं सगळं. पोरीचं डोकं असं तल्लख की दोनदा ऐकलं की झालं. मी ओळीखाली असायचे आणि तिचे डोळे खिडकीतल्या मांजरावर. मला दिसत होतं, पण पट्टीला कोण विचारतंय!

शुक्रवारी शाबासकी मिळू लागली. बाबा खूश. "बघ, उगाच घाबरत होतीस." आई कसनुसं हसायची.

पण फळ्यावरचं आणि गणिताच्या पुस्तकातलं कोण पाठ करून देणार? बबडी मागे पडत गेली. शाळेत एक वेगळी खोली होती. तिथे विशेष शिक्षिका अशा मुलांना एकेक अक्षर हाताशी धरून वाचायला शिकवत. आईने मुख्याध्यापिकांकडे शब्द टाकला. बाबांचं तोंड वाकडं झालं.

"त्या खोलीत? लोक काय म्हणतील? आपली पोर काही ढ नाही."

"ढ नाहीच ती."

"मग कशाला हा उपद्व्याप?"

आई भांडी आवरायला उठली. पाठांतराचं तिने बाबांनाही सांगितलं नव्हतं.

मुख्याध्यापिकांनी भेटीला बोलावलं, त्या दिवशी आई-बाबा आणि शिक्षिका सगळे वर्गात लहान मुलांच्या खुर्च्यांवर अवघडून बसले होते. मी खूण म्हणून पुस्तकात होते, त्या आठवड्याच्या पाठ केलेल्या पानावर. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "अहो, ती तर किती छान वाचते! तिथे जागा मोजक्याच. ज्याला खरंच गरज आहे त्याला मिळू दे की."

"वाच बरं बाळा," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

बबडीने मला पहिल्या ओळीखाली ठेवलं आणि घडाघडा सुरुवात केली. मुख्याध्यापिकांनी कौतुकाने मान डोलावली आणि पेनाला टोपण लावलं. संपलाच विषय! आई गप्प राहिली असती, तर पोरीची अब्रू राहिली असती आणि त्या खोलीचं दार तिला कायमचं बंद झालं असतं.

आईचा हात पुढे आला. तिने मला उचललं आणि थेट पानाच्या तळाशी नेऊन ठेवलं. बबडी वरचंच म्हणत राहिली, गोड, खणखणीत आवाजात. विशेष शिक्षिका वाकून पाहू लागल्या.

"पाठ आहे तिला," आई म्हणाली. "मीच करून घेते. तिला एक ओळसुद्धा वाचता येत नाही."

बाबा आपल्या बुटांकडे बघत बसले. बबडी थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. तिचे कान लालबुंद झाले. त्या वेळी माझे दोन तुकडे झाले असते तर बरं झालं असतं हो!

जागा मिळाली. पण घरी जाताना बबडीने आईचा हात धरला नाही. "सगळ्यांसमोर का केलंस?" एवढंच तिने विचारलं. आईने मला स्वयंपाकघरातल्या खणात डब्यांच्या झाकणांखाली सारलं. त्यानंतर खण उघडला की ती माझी नजर चुकवायची आणि मी तिची. दोघीही ओशाळलेल्या. माझे कोपरे झिजले, अंगाला तेलाचा वास लागला.

वाचकहो, पोर घडाघडा वाचत असेल तेव्हा तिच्या डोळ्यांकडेही बघा. आमच्या घरी कुणी तसं बघितलं असतं, तर ही वेळ आली नसती.

काल बबडीने खण उपसून मला बाहेर काढलं. आईशेजारी बसकण मारली. पुस्तक नवंकोरं होतं, आईने कधीच न वाचून दाखवलेलं. "हत्ती... पा... पाण्यात..." ती थांबली. "इथे अडलं गं मला," म्हणाली. पोट दुखल्याचं नावही नाही.

आईचे हात मांडीवरच होते. मला शिवायला ती धजेना. बबडीनेच मला तिच्या हातात दिलं.

"धर तू. पण सरकवू नकोस हं."

आईने मला दोन्ही हातांनी धरलं. तिचे डोळे इतके भरले होते की ती ओळ तिची तिलाच दिसत नसावी.