चारचा तुकडा अकरावर

माझं काम जोड्या लावण्याचं. रक्तातल्या पेशी तीन दिवस वाढवायच्या, काचेवर पसरायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या शेहेचाळीस गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या संगणकावर जुळवायच्या. एकतिसाव्या वर्षीही स्वतःची जोडी न जमलेल्या बाईला हे काम दिलंय, यावर लॅबमध्ये सगळ्यांचं हसून झालंय. माझंही.

त्या दिवशी चौथी जोडी जुळेना. एक ठीक, दुसरं शेपटीकडे तोकडं. अकरावी पाहिली, तर तिथे एकाच्या टोकाला काहीतरी जास्तीचं. चारचा तुकडा अकरावर, अकराचा छोटा तुकडा चारवर. वीस पेशी तपासल्या, वीसही तशाच. अशा माणसाचं स्वतःचं सहसा काही बिघडत नाही, कारण सामान सगळं घरातच असतं, फक्त कपाटं बदललेली. पण मुलाला त्यातलं निम्मंच द्यायचं असतं, आणि त्यात कधी एखादा तुकडा कमी जातो, कधी जास्त. मग ते मूल बऱ्याचदा जन्मापर्यंत पोचतच नाही.

नळीवर नाव नसतं, नुसता आकडा. पण सोबतच्या कागदावर ‘पुरुष, वय अडतीस, पत्नीचे तीन गर्भपात’ असं लिहिलं होतं, आणि ते रक्त द्यायला दादाला मीच दामटून पाठवलं होतं. शेजारच्या नळीतल्या, म्हणजे वहिनीच्या, तेवीसच्या तेवीस जोड्या शहाण्यासारख्या जुळल्या.

हा माझा भाऊ आहे, असं मी लॅबच्या प्रमुख मॅडमना सांगितलं. त्यांनी स्लाइड काढून घेतली, स्वतः तपासली, अहवालावर सही केली.

"अहवाल त्याचा आहे," त्या म्हणाल्या. "कुणाला सांगायचं ते तो ठरवेल. तुझ्या तोंडून एक शब्द गेला तर तू इथे नसशील. आणि ते बरोबरच असेल."

मला ते पटतं, हीच पंचाईत. नियम मूर्खपणाचा असता तर केव्हाच मोडला असता.

सोमवारी दादा एकटाच जाऊन दोघांचे कागद घेऊन आला. जेवताना म्हणाला, "माझं सगळं नॉर्मल आहे."

"आणि माझं?" वहिनीने विचारलं.

तो भाजी वाढून घेत म्हणाला, "तुझं नक्की सांगता येत नाही म्हणाले."

"म्हणजे कळलंच," आई म्हणाली.

मी तिथेच काम करते हे दादाला ठाऊक होतं, आणि माझं तोंड बांधलेलं आहे हेही. तो माझ्याकडे बघून शांतपणे जेवत राहिला. सख्खा भाऊ, त्यातून मोठा, म्हणून दोन थोबाडीत देता येत नाहीत.

वहिनीने शनिवारी माहेरी जायचं, "थोडे दिवस", असं आईने ठरवून टाकलं. थोडे दिवस म्हणजे काय, ते घरात प्रत्येकाला कळत होतं. मी भांडी घासत होते, वहिनी पुसत होती. ती म्हणाली, "तीन पोरं मला सांभाळता आली नाहीत. आईंचं तरी काय चुकलं?" मी एकच पातेलं तीनदा घासलं. ओरडून सांगावंसं वाटत होतं.

गुरुवारी लॅबमध्ये पेशी वाढवण्याच्या द्रवाची नवी बाटली आली. नवी बाटली आली की ती चांगली आहे का हे बघायला आमच्यापैकीच कुणीतरी रक्त देतं. माझ्या शिरा ठळक, म्हणून बहुतेकदा मीच. त्या स्लाइडवर पेशी वाढल्या का एवढंच मोजायचं, जोड्या लावायच्या नाहीत, असा आमचा रिवाज. न मागता कळलेलं नंतर विसरता येत नाही, असं मॅडम म्हणतात. नऊ वर्षांच्या माझ्या स्लाइड कपाटात पडून होत्या, कुणीही नीट न बघितलेल्या.

दादाचं मला सांगता येत नव्हतं. पण माझं सांगायला कुणाची बंदी होती? त्याला ते आईबाबांपैकी कुणाकडून आलं असेल, तर मलाही आलं असण्याची शक्यता निम्मी. शुक्रवारी सगळे जेवायला गेल्यावर मी कपाटातली एक जुनी स्लाइड काढून रंगवली. जोडी जुळू नये म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच हात जोडले.

चौथी जुळली नाही. मला हसू आलं. आणि मग रडू आलं, कारण मुलं मलाही हवी होती.

शनिवारी वहिनीची बॅग दाराशी होती. मी माझ्या गुणसूत्रांचा छापलेला कागद टेबलावर ठेवला.

"हा माझा आहे. मूल राहिलं तरी माझ्याकडे ते टिकेलच असं नाही. आणि हे मी बाजारातून आणलेलं नाही, आई. हे घरातूनच येतं."

आई खुर्चीवर बसली. म्हणाली, "तुझ्याआधी माझीही दोन गेली. सासूबाईंनी वर्षभर मला मान वर करू दिली नव्हती."

वहिनी दादाकडे वळली. "तुला माहीत होतं?"

दादाने टेबलावरचा कागद उलटा करून ठेवला. तेवढ्याने तिला कळलं. मग तिने माझ्याकडे बघितलं.

"आणि तुला?"

हो म्हटलं तर दादाचा अहवाल फुटत होता, नाही म्हटलं तर ते खोटं होतं. ती तशीच बघत राहिली, आणि मला वाटतं तिला ते पातेलं आठवलं असावं. तिने बॅग उचलली. दादा "थांब" म्हणाला, पण ती थांबली नाही. ती जाऊ नये म्हणूनच मी हा सगळा खटाटोप केला होता, आणि आता ती स्वतःच्या मर्जीने जिना उतरत होती.

आईने उठून दार लावलं, कडी घातली. माझा कागद उचलून त्याच्या चार घड्या केल्या आणि कपाटात कपड्यांखाली सारला.

"हे कुठे बोलू नकोस," ती म्हणाली. "तुझं लग्न व्हायचंय अजून."

दादाने सोमवारपासून जसं स्वतःचं लपवलं होतं, तसंच आता मी माझं लपवायचं होतं.