राब जागचा हलत नाही

तेजश्रीच्या साहेबानं जन्मात भाताचं रोप पाहिलेलं नाही. तरी भिवपुरीकडच्या शेतात आग लावायची की नाही, हे तो बंगळुरात एसीत बसून ठरवत होता.

काम मात्र मोठं. शत्रूचं क्षेपणास्त्र सुटलं की त्याच्या बुडाखालची आग आकाशातून हेरायची आणि मिनिटाच्या आत बोंब मारायची, असा लष्करी उपग्रह. पण एप्रिल लागला आणि कर्जतच्या पट्ट्यात रोज सकाळी तापलेले ठिपके उठायला लागले. दर ठिपक्याला घंटा वाजे. साहेबानं उपाय काढला : कलेक्टरला पत्र लिहा, तालुक्यातल्या आगी बंद.

"सर, ते राब आहेत," तेजश्री म्हणाली. "रोपाची जमीन भाजतात. शेण, फांद्या, पाला पसरून."

"कशाला?"

"तुम्ही दुपारी भात खाता ना, त्याला."

खोलीतले चौघे खाली बघून हसले. साहेब लाल. मग तिनं सांगून टाकलं, मी नवा प्रोग्राम लिहिलाय, त्याला राब आणि क्षेपणास्त्र यांतला फरक कळतो.

"शनिवारी, सकाळी आठला तुझ्या गावचे सगळे राब एकदम पेटवायला सांग, बघू. एक जरी खोटी घंटा वाजली, तर तुझा प्रोग्राम कचऱ्यात आणि हे पत्र कलेक्टरकडे."

तिनं बापाला, रोहिदासला फोन लावला. "बाबा, शनवारी आठला सगळ्यांचे राब एकदम पेटवा. का ते इचारू नका. माजी नोकरी आन् आपला राब, दोनी हाय त्यात. वरनं बघणार हायत."

"सगळ्यांचे? आगं, ही मानसं मीटिंगला तरी येळेवर येतात काय?"

आली. साडेसातलाच आली. वरून बघणार म्हटल्यावर गावाच्या अंगात वारं भरलं. आई जिजानं जयंतीची निळी साडी नेसली. पांडूकाका दाढी करून आला.

"दाढी दिसंल व्हय रं वरनं?" रोहिदासनं विचारलं.

"मग?"

"टक्कल दिसंल. ते झाक आधी!"

आठ वाजले आणि तेवीस राब एकदम पेटले. बंगळुरात पडद्यावर ठिपके फुलले. प्रोग्राम एकेकाला तपासून खाली लिहीत गेला : जागचा हलत नाही, सोडा. जागचा हलत नाही, सोडा. अठरा झाले, वीस झाले, बावीस झाले. खोलीतली पोरं मोठ्यानं मोजायला लागली.

आणि तेविसावा ठिपका हलला.

पांडूकाकाच्या राबावरून वारा फिरला होता. आग बांधावरच्या वाळक्या गवतात घुसून डोंगराकडं सुटली. "धरा रं, धरा!" करत अख्खं गाव ओल्या फांद्या घेऊन तिच्यामागं. जिजा साडी खोचून सगळ्यांच्या पुढं.

"हललं! वर चाललंय!" साहेब उठून उभा. पत्र त्याच्या हातात. घंटेच्या दिव्यावर खोलीतले सगळे डोळे.

प्रोग्रामनं जिवावर आल्यासारखा वेळ घेतला. मग लिहिलं : चाल माणसाच्या धावेपेक्षा कमी. सोडा.

ठिपका विझला. गावानं बडवून विझवला होता. दिवा पेटलाच नाही. खोलीत असा काही हशा उसळला की बाहेरचा शिपाई डोकावला. तेजश्रीनं साहेबाच्या हातातलं पत्र काढून घेतलं आणि फाडलं. कोणी अडवलं नाही.

"नशीब असेल," साहेब पुटपुटला. "पुढच्या शनिवारी परत करायला सांग त्यांना."

तिनं फोन स्पीकरवर टाकला. "बाबा, पास झालो! साहेब म्हणतायत, पुढच्या शनवारी परत पेटवा."

पलीकडं आधी गावभरचा धिंगाणा ऐकू आला, मग धापा टाकणारा रोहिदास. "साहेब, राब वरसाला एकदाच भाजतात. फुडल्या वरसाला तुमीच या. वरनं नको, खालनं या. शेणाच्या पाट्या उचलायला मानसं कमी पडतात."