चुन्याच्या रेषेपर्यंत

मी ट्रकच्या चाकातली एक जुनी ट्यूब आहे, मित्रांनो, आणि मला एका जागी स्वस्थ राहवत नाही. तुम्ही म्हणाल, खांबाला बांधलेल्या ट्यूबला कसली आलीय चुळबुळ? पण माझा जन्मच पळण्यासाठी झाला. दिमापूर ते इम्फाळचा सगळा घाट मी पोटात वारा भरून पार केला आहे. पुढे पंक्चर इतकी झाली की ठिगळाला जागा उरली नाही. मोइरांगच्या पंक्चरवाल्याने मला खिळ्याला अडकवून ठेवले. समोरून गाड्या पळायच्या आणि मी आपली भिंतीवर लोंबकळत. जीव नुसता कासावीस व्हायचा.

तिथून मला ओजा चाओबींनी आणले. आमच्या मणिपुरात शिकवणाऱ्याला ओजा म्हणतात, मग ते गुरुजी असोत की बाई. आळीतल्या मुलींना त्या फुटबॉल शिकवत. त्यांनी मला कापून लांब पट्टा केला आणि एका टोकाला दोर बांधून तो गोलच्या खांबाला अडकवला. मी हरखून गेले. म्हटले, चला, आता मैदानभर पळायचे! कसले काय? पळायचे मुलींनी. मी त्यांच्या कमरेला बसून त्यांना मागे खेचायचे.

मुलींना मी डोळ्यांसमोर नको असायचे.

"ओजा, आम्ही खेळायला आलोय की नांगर ओढायला?" मेमथोई म्हणायची. ही आमची सगळ्यांत वेगवान मुलगी. तिच्या पायाशी चेंडू आला की बांधावरची म्हातारी माणसेही उठून उभी राहत.

"आधी नांगर ओढ, मग खेळ," ओजा म्हणायच्या. "मांड्या कच्च्या राहिल्या की सगळा भार गुडघ्यावर येतो. गुडघा बाजारात मिळत नाही, बाई!"

मग बैठका, मग उड्या. "अगं, धपकन काय पडतेस पोत्यासारखी? मांजरासारखी उतर!" असे त्या ओरडत. ओजांचा स्वतःचा उजवा गुडघा कायमचा गेलेला होता. तरुणपणी तो मुरगळला, आणि बरा होण्याआधीच याओशांगच्या सामन्यात त्या आळीसाठी उतरल्या. तुमच्याकडे होळी असते तेव्हा आमचे याओशांग असते. पाच दिवस आळीआळीत खेळांची नुसती धूम! त्या एका सामन्यानंतर ओजा पुन्हा कधी धावल्या नाहीत.

आणि मी मैदानात आले त्या वर्षी नेमका मेमथोईचा डावा गुडघा मुरगळला. भाताच्या कापणीचे दिवस होते. ओजांनी तिला तेव्हाच बजावले, "माझी परीक्षा पास झालीस तरच सामना." परीक्षा सोपी दिसे. मला कमरेला अडकवायचे, खांबाकडे पाठ करायची आणि एका पायावर लंगडी घालत मला ताणत चुन्याच्या रेषेपर्यंत जायचे. तिथे न डगमगता उभे राहायचे. आधी उजव्या पायाने, मग डाव्या. उजवा पाय मला सहज ओढून न्यायचा. डावा मात्र अलीकडेच थरथरू लागायचा. तो थरथराट माझ्या अंगभर यायचा. मला इतकी घाई असे, तरी मनात म्हणायचे, थांब गं बाई, अजून थोडी थांब.

पण याओशांग थांबते थोडेच? आळीच्या मंडळाचे तोम्बाकाका रोज मैदानात येऊन बसू लागले. "चाओबी, पोरीला लोणच्यासारखी बरणीत घालून ठेवणार आहेस का? शेजारची आळी आत्ताच मिशीला पीळ देतेय!" शिवाय इम्फाळहून संघ निवडणाऱ्या बाई सामना बघायला येणार होत्या. मेमथोईची झोप उडाली होती.

सामन्याच्या आदल्या दिवशी परीक्षा झाली. ओजा रेषेपाशी उभ्या राहिल्या. उजव्या पायाची लंगडी झाली. "गाठ सुटतेय," म्हणत मेमथोई खांबाशी वाकली आणि तिने माझा दोर हातभर सैल केला. मला काही बोलता येईना! मी आपली ढिली, लोंबती. डाव्या पायाने ती आरामात रेषेवर पोहोचली. मुलींनी टाळ्या पिटल्या. तोम्बाकाकांनी पागोटे उडवले.

ओजांचे डोळे भरून आले. "बघू गं, मला दे," त्या एकदम म्हणाल्या. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी फनेक, म्हणजे आमच्याकडे बायका कमरेला गुंडाळतात ते वस्त्र, वर खोचली, मला कमरेला अडकवले आणि उजव्या पायावर लंगडी घातली. त्या मोडक्या पायावर! मी घाबरून गेले. पण दोर सैल होता, मित्रांनो. ओजा झोकांड्या खात का होईना, रेषेवर पोहोचल्या.

"अगं मेमथोई! माझाही पाय बरा झाला गं!" त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या. "इतकी वर्षं मी उगाच घाबरले. तोम्बादादा, लग्न झालेल्या बायकांच्या सामन्यात उद्या माझं नाव घाला!"

सगळे हसले. मेमथोई हसली नाही. एक शब्द न बोलता गप्प राहिली असती, तर उद्या ती खेळणार होती. ओजाही खेळणार होत्या.

"ओजा, नका उतरू," ती म्हणाली आणि रडू लागली. "मी दोर सैल केला होता. तुमचा पाय बरा नाही झाला. माझाही नाही झाला."

तोम्बाकाकांनी कपाळावर हात मारून घेतला. ओजांनी खांबाशी बसून माझी गाठ सोडली आणि पहिल्यासारखी घट्ट बांधली.

दुसऱ्या दिवशी सामना झाला. शेजारच्या आळीने आम्हाला सपाटून हरवले. इम्फाळच्या बाई आल्या, दुसरीच मुलगी हेरून गेल्या. "धडधाकट दिसतेय की! मग बाकावर काय अंडी उबवतेय?" असे लोक मेमथोईला ऐकू येईल असे म्हणत होते. ती ओजांशेजारी मान खाली घालून बसली होती. मी खांबाला होते. तिच्याकडे धावत जावे असे मला फार वाटत होते.

"ओजा, तुम्ही रागावलात ना?" तिने विचारले.

"रागावले होते," ओजा म्हणाल्या. "काल रात्री जेवलेसुद्धा नाही. पण माझा गुडघा मुरगळला तेव्हा मी अशी बाकावर बसले असते ना, मेमथोई, तर आज तुझ्याबरोबर धावले असते."

मित्रांनो, मला अजूनही चैन पडत नाही. मेमथोई रोज येते, मला ओढते आणि रेषेच्या अलीकडे थांबते. कधी वैतागून मला लाथही घालते. घालू दे. तुम्हीही मला हवे तेवढे ताणा. मी तुटले तर पंक्चरवाल्याकडे दुसरी मिळेल. पण तुमचा पाय थरथरत असेल तेव्हा आळीचे ऐकू नका, पायाचे ऐका.