चौथा दिवस नसलेला विटाळ

मन्नाएखेळ्ळीला बस थांबली आणि एक बाई तान्हं लेकरू घेऊन माझ्या शेजारी येऊन टेकली. मी उठले. अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं, तरी उठले आणि दांडीला धरून मागं जाऊन उभी राहिले. बाईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पलीकडच्या म्हातारीला म्हणाली, "बामणीन दिसतीय. शिवून घीना झालीय बगा."

एरवी मी तिला चांगलं सुनावलं असतं. सोवळ्याओवळ्यावरून मी सासरी जेवढी भांडले तेवढं आमच्या गल्लीत कुणी भांडलं नसेल. पण भांडायलाही जोर लागतो, आणि तो माझ्यात नव्हता. हैदराबादच्या दवाखान्यातून मी घरी निघाले होते आणि माझ्या अंगात किरणोत्सारी आयोडीन होतं. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, "अम्मा, दो-तीन हफ्ते बच्चों से दूर रहना. हामिला औरत से तो एकदम दूर." हामिला म्हणजे गरोदर. माझे यजमान नरहरराव चार बाकं पुढं बसून सारखी मान वळवून माझ्याकडे पाहत होते. त्यांनाही जवळ बसू नका म्हणून सांगितलेलं होतं.

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. माझ्या गळ्यातली थायरॉईडची गाठ कॅन्सरची निघाली. ती कापून काढली, पण तिच्या चुकार पेशी कुठं उरल्या असतील तर त्यांना मारायला हे आयोडीन पाजलं. त्या पेशींना आयोडीनची चांगली भूक लागावी म्हणून आधी माझ्या थायरॉईडच्या रोजच्या गोळ्या बंद केल्या होत्या. गोळ्या बंद म्हणजे माणूसच बंद. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, भर उन्हात थंडी वाजायची आणि एक शब्द बोलून झाला की दुसरा शोधायला जावं लागायचं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात ते खरं आहे.

गंमत अशी की मी भालकीला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. अणूचा धडा मी इतक्यांदा शिकवलाय की झोपेतही फळ्यावर वर्तुळं काढीन. मध्ये केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, भोवती इलेक्ट्रॉन. समस्थानिकं आली की पोरी जांभया देतात. बहुतेक वेळा पालथ्या घड्यावर पाणी. आता तोच धडा फळ्यावरून उतरून माझ्या गळ्यात येऊन बसला होता.

घरी पोचले तशी मी पुढच्या दारानं गेलेच नाही. बोळातून सरळ परसातल्या खोलीत गेले. यजमान दोन्ही मुलांना घेऊन उदगीरला माझ्या भावाकडे गेले आणि घरात उरलो मी आणि आत्याबाई.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सरस्वतीबाई. लग्न होऊन आले तेव्हा दर महिन्याला तीन दिवस त्यांनी मला याच खोलीत बसवलं होतं. वेगळं ताट, वेगळा तांब्या, वेगळं कांबळं. पाणी वरून ओतायचं, ताट काठीनं सरकवायचं. नोकरी लागली तेव्हा मी एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, "शाळेत मी साठ पोरींना शिवते, त्यांचं काय वाकडं झालं?" आणि तो तांब्या अंगणात भिरकावून दिला. त्या दिवसापासून माझं बाहेर बसणं संपलं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. माझ्या त्या तीन दिवसांत आत्याबाई स्वतःचा भात स्वतः शिजवून खायच्या. आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोलायचो.

आणि आता मी आपल्या पायांनी त्या खोलीत जाऊन बसले होते. मला त्याची लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू.

आत्याबाई मात्र हरल्या-जिंकल्यासारखं काही बोलल्या नाहीत. मी दारातूनच सगळं सांगितलं. माझं ताट वेगळं, कपडे वेगळे धुवायचे, मोरीत भरपूर पाणी सोडायचं, मला शिवायचं नाही. त्या ऐकत होत्या आणि मान डोलवत होत्या. एवढं सगळं डॉक्टरांना मला दोनदा समजावून सांगावं लागलं होतं. आत्याबाईंना एकदाही सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी तीच काठी माळ्यावरून खाली आली.

मी त्यांच्याकडून एक वचन घेतलं. "कॅन्सरचं कुणाला सांगू नका. साधी गाठ होती म्हणून सांगा." मला गल्लीतल्या बायकांची चुकचुक नको होती. त्याहून जास्त चन्नम्माला ते कळायला नको होतं.

चन्नम्मा आमची शेजारीण, बियाण्याच्या दुकानवाल्या बंडेप्पाची बायको. ते लिंगायत, त्यांच्यात विटाळ मानत नाहीत. मी नवी नवरी म्हणून या खोलीत रडत बसायची तेव्हा ही परसाची भिंत ओलांडून यायची आणि माझ्याच ताटात हात घालून जेवायची. आत्याबाई बघत राहायच्या. तिला तीनदा दिवस गेले आणि तीनदा पोट रिकामं झालं. आता चौथ्यांदा पाचवा महिना लागला होता, आणि ती जिना चढतानासुद्धा श्वास मोजायची. माझ्या गळ्यातून जे निघत होतं ते पोटातल्या लेकराच्या गळ्यालाही सोडत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. सांगितलं तर घाबरणार, न सांगितलं तर येणार.

"माझ्या तोंडून निघायचं न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

दुपारी मी खोलीच्या दारात बसायची आणि आत्याबाई स्वयंपाकघराच्या मागच्या दारात तांदूळ निवडत बसायच्या. मध्ये अंगण आणि त्यात धुण्याचा दगड. एके दिवशी त्या म्हणाल्या, "सुमती, नेमकं काय घातलंय तुझ्या गळ्यात?"

बोलायचा कंटाळा आला होता, पण मास्तरकी कुठं जाते? मी सांगितलं, "आयोडीनच्या प्रत्येक कणाच्या पोटात एक बी असतं. त्या बीत त्रेपन्न प्रोटॉन. त्रेपन्न असले की ते आयोडीनच, दुसरं काही होऊच शकत नाही."

"म्हणजे गोत्र."

"हां, गोत्र. त्याच बीत न्यूट्रॉन असतात, ते नुसते वजनाला. नेहमीच्या आयोडीनमध्ये चौऱ्याहत्तर, मला पाजलेल्यात अठ्ठ्याहत्तर. गोत्र तेच, वागणं तेच, फक्त अंगानं जड. त्याला समस्थानिक म्हणतात."

"मग गळ्याला कळत न्हाई का, हे वेगळं आहे म्हणून?"

"नाही ना. गळा काही तागडी घेऊन बसत नाही. आयोडीन एक इलेक्ट्रॉन जास्तीचा घेऊन रक्तात फिरतं, त्याला आयन म्हणायचं. हे जड आयोडीनही तसंच फिरतं. गळा घरचं समजून आत ओढतो. आत गेल्यावर ते फुटतं आणि आजूबाजूचं जाळतं. फुटताना एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो. त्रेपन्नाचे चोपन्न झाले की ते आयोडीन राहत नाही, झेनॉन होतं."

आत्याबाईंनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "लग्न लागल्यासारखं. गोत्रही गेलं, नावही गेलं."

माझ्या नववीतल्या पोरींना हे समजायला दोन तास लागतात.

"मग हे किती दिवसांचं?"

"आठ दिवसांनी अर्धं होतं."

"आणि राहिलेलं अर्धं?"

"आणखी आठ दिवसांनी त्याचं अर्धं."

"मग संपायचं कधी?"

"तसं म्हटलं तर पूर्ण संपतच नाही. अर्ध्याचं अर्धं होत जातं. त्रास द्यायच्या लायकीचं उरत नाही, एवढंच."

आत्याबाईंनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "आमच्या विटाळाला चौथा दिवस तरी होता ग."

औषध घेऊन आठ दिवस झाले त्या दुपारी मी खोलीत आडवी होते आणि बाहेर चन्नम्माचा आवाज आला. आता भिंत ओलांडता येत नव्हती, म्हणून ती बोळातून आली होती.

"काकू, बाई आल्यात म्हणं हैद्राबादेहून. मला कुणी सांगितलं बी न्हाई. शेंगाहोळगी आणलीय गरम गरम. कुटं हायत्या?"

"ती बाहेर बसलीय," आत्याबाई म्हणाल्या.

चन्नम्माचा आवाज चढला. "ऑपरेशन झालेल्या बाईला बी बसवलाव व्हय? कामून?"

"रीत आहे."

"कसली रीत? आमच्या शरण-संतांनी कवाच सांगून ठिवलंय, विटाळ म्हणून काई नसतोय. आन तुमी आजून तेच धरून बसलाव. गळा कापलेली बाई परसात टाकलाव! जनावर बी लोक आत बांधत्यात."

"तू जा, चन्नम्मा. चार दिवसांनी ये."

"चार दिवस कशाला? आत्ताच जाते की. बगू कोन आडवतंय."

मी कशीबशी उठून दाराच्या फटीतून पाहिलं. चन्नम्मा शेंगदाण्याच्या पोळ्यांचं ताट घेऊन अंगणात शिरली होती. आत्याबाई सोवळ्यात होत्या, नैवेद्य व्हायचा होता. सोवळ्यात असल्या की त्या माझ्या मुलांनाही शिवत नसत. त्यांनी पुढं होऊन चन्नम्माचं मनगट घट्ट धरलं.

"सोडा!" चन्नम्मा ओरडली. "सुनेला आसं छळायलाव. तुमच्या मरणाला पानी पाजायला कोन येतंय तेच बगते मी!"

आत्याबाईंनी मनगट सोडलं नाही. तोंडही उघडलं नाही. कॅन्सर हा एक शब्द उच्चारला असता तर त्या सुटल्या असत्या. माझ्याशी वचन होतं म्हणून भर दुपारी, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे शिव्याशाप त्या गिळत उभ्या होत्या. मला त्या खोलीत रडवलं होतं तेव्हा मी हेच सगळं त्यांना मनातल्या मनात म्हटलेलं होतं. आज ते बोललेलं मला ऐकवेना.

मी दार उघडलं. "चन्नम्मा, मागं सर! तुला पोटातल्या लेकराची शपथ आहे, मागं सर!"

आवाज घोगरा फुटला, पण पोचला. ती जागीच थांबली.

"मला कॅन्सर झालाय. त्याचं औषध माझ्या गळ्यात आहे आणि ते तुझ्या लेकराला बाधेल. आत्याबाईंनी मला बाहेर बसवलं नाही. मी बसलेय. कुणाला सांगायचं नाही म्हणून मीच त्यांना वचनात अडकवलं."

चन्नम्माचा हात पोटावर गेला. ती एकेक पाऊल मागं सरत भिंतीला जाऊन टेकली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "बाई, मला बी सांगितला न्हाई व्हय?" मग आत्याबाईंकडे वळून म्हणाली, "काकू, तोंडाला येईल ते बोलले मी."

"दिवस गेलेल्या बाईनं रडू नये," आत्याबाई म्हणाल्या. "घरी जा. बोलायचं तर तुमच्या गच्चीवरून ओरडून बोल. तुझा आवाज काही कमी न्हाई."

चन्नम्मा ताट तिथंच ठेवून गेली. आता आत्याबाई पुन्हा आंघोळीला जातील म्हणून मी वाट पाहत राहिले. त्या गेल्या नाहीत. पायरीवरच बसल्या, आणि कितीतरी वर्षांनी त्या मला दमलेल्या दिसल्या.

"कामून सांगितलंस?" त्या म्हणाल्या.

"काय काय बोलली ती तुम्हाला!"

"बोलू दे की. मला वाईट म्हणवून घ्यायची सवय आहे. तुला कीव करून घ्यायची सवय न्हाई. उद्यापासून अख्खी गल्ली तुझी कीव करायला येईल, तेव्हा काय करशील?"

गाठ निघाली तेव्हा मी रडले नव्हते, औषध पिताना रडले नव्हते. तेव्हा उंबऱ्यात बसून पोटभर रडले. आत्याबाई उठल्या, दोन पावलं पुढं आल्या आणि थांबल्या.

"आज आठ दिवस झाले ना?"

"हो."

"म्हणजे अर्धं गेलं."

"हो, अर्धं गेलं."

"मग अर्ध्या अंगणापर्यंत यायला हरकत न्हाई."

त्या धुण्याच्या दगडावर येऊन बसल्या, त्याच सोवळ्यात, आंघोळ न करता. चन्नम्माच्या घरचं पाणीसुद्धा त्यांनी कधी तोंडाला लावलं नव्हतं. होळगीचे दोन तुकडे केले, एक माझ्या ताटात टाकला आणि ताट काठीनं माझ्याकडे सरकवलं. मग दुसरा तुकडा स्वतः खायला लागल्या.